संगमरवरातला चेहरा आणि नाण्यावरचे बेलपान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी आम्हाला शाळेत चित्रकला शिकवत. त्यांच्या वर्गातल्या लाकडी कपाटावर प्लास्टरचे एक डोके होते. नाकाचा शेंडा उडालेला, केसांच्या बटांत वर्षानुवर्षांची धूळ. परीक्षा जवळ आल्या की गुरुजी ते डोके खाली उतरवत, खिडकीकडे तोंड करून ठेवत आणि आम्ही शिसपेन्सिलीने त्याच्या गालावरची सावली पकडायचा प्रयत्न करत असू. मुले त्याला ‘साहेब’ म्हणत. हा साहेब कोण, ते आमच्यापैकी कुणी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात कपाळावरची तीच खेकड्याच्या नांगीसारखी दुभंगलेली बट दिसली, तेच मिटलेले ओठ दिसले. तो रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस होता. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन बादशहा इंदूरच्या मराठी शाळेतल्या कपाटावर कसा येऊन बसला, हा प्रश्न त्या दिवसापासून माझी पाठ सोडत नाही. आज त्याचाच माग आपल्यापुढे मांडणार आहे.

त्याआधी आपल्या घरची दोन नाणी पाहू. पहिले अहिल्याबाई होळकरांच्या काळातले, महेश्वरच्या टांकसाळीतले. त्यावर दिल्लीच्या बादशहाचे नाव फारसीत आहे, कारण त्या काळचा तो रिवाज होता. पण त्या अक्षरांच्या गर्दीत शिवलिंग आणि बेलाचे पान आहे. राज्य करणाऱ्या बाईंचा चेहरा नाही. शिवाजी महाराजांच्या शिवराईवरही चेहरा नाही, नुसते नाव आहे. होळकरांच्या पुढच्या नाण्यांवर मल्हारी मार्तंडाचा सूर्य येतो, त्याला डोळे-नाक-तोंड आहे, पण तो चेहरा देवाचा. आता दुसरे नाणे पाहा. शिवाजीराव होळकरांचा रुपया, संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९. त्यावर पगडी घातलेले महाराज समोरून आपल्याकडे पाहत आहेत. बेलपानापासून या चेहऱ्यापर्यंत जेमतेम शंभर वर्षे गेली. या शंभर वर्षांत राजाने आपला चेहरा दाखवावा, तो धातूत आणि दगडात कोरून ठेवावा, ही कल्पना माळव्यात रुजली. ती रोममधून निघाली, फ्लॉरेन्समध्ये तिला दुसरा जन्म मिळाला, लंडनमार्गे ती मुंबईला आली आणि मुंबईहून मराठी शिल्पकारांच्या हातांनी आपल्यापर्यंत पोचली.

रोमन लोकांचे पूर्वजांवर फार प्रेम होते. आपल्या देवघरात जसे पितरांचे, वीरांचे टाक असतात, तसे थोर रोमन घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असत. घराच्या दर्शनी दालनात, कपाटांत ते ठेवलेले असत. घरात कुणी वारले की ते मुखवटे बाहेर निघत, माणसे ते तोंडावर चढवत, त्या त्या पूर्वजाच्या हुद्द्याला शोभेल असा पोशाख करत आणि अंत्ययात्रेत चालत. पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने हे लिहून ठेवले आहे. कल्पना करा, मेलेल्या आजोबा-पणजोबांची रांग ताज्या मयताला न्यायला आली आहे! रोमन व्यक्तिशिल्पाच्या मुळाशी हा कुळाचार आहे असे मला वाटते. म्हणून प्रजासत्ताकाच्या काळातले रोमन पुतळे पाहिले तर सुरकुत्या, टक्कल, बसके गाल, सगळे जसेच्या तसे. म्हातारपण लपवायचे नव्हते, कारण सुरकुती म्हणजे केलेल्या सेवेची पावती.

ऑगस्टसने हे बदलले. तो इसवी सन १४ मध्ये वयाच्या ७६ व्या वर्षी वारला, पण त्याचे पुतळे अखेरपर्यंत तिशीतलेच राहिले. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात तोच शांत, न थकलेला चेहरा पोचला. प्रजेतल्या बहुतेकांनी सम्राटाला कधी पाहिले नव्हते, आणि त्यांनी पाहिला तो पुतळाच त्यांच्या दृष्टीने सम्राट. पुढे व्हेस्पेशियन आला. तो शिपाईगडी, त्याने पुन्हा टक्कल आणि सुरकुत्या आणल्या, कारण नीरोच्या ऐषारामाला विटलेल्या लोकांना आपण जुन्या वळणाचे आहोत हे त्याला सांगायचे होते. आणि नीरोचे पुतळे? पुष्कळ पुतळ्यांचे गाल तासून, केस उतरवून त्याच दगडातून व्हेस्पेशियन काढला गेला. संगमरवर महाग, शिवाय आदल्या राजाचा चेहरा पुसण्यात राजकारणही होते. या कामाचे मर्म इथे सापडते: राजाचा कोरलेला चेहरा तो कसा दिसत होता यापेक्षा तो कुणाचा वारस म्हणवतो हे अधिक सांगतो.

मग रोम पडले, पुतळे मातीखाली गेले, चुन्याच्या भट्टीत गेले. सम्राट मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा ब्राँझचा पुतळा वाचला, तो केवळ गैरसमजामुळे. लोकांना तो ख्रिस्ती धर्माला आश्रय देणारा कॉन्स्टन्टाइन वाटला. संगमरवरी माणसाला दगडातून पुन्हा बाहेर यायला हजार वर्षे लागली.

तो आला तो आधी नाण्यांवरून. रोमन नाणी शेतात नांगराला लागत आणि त्यांवर चेहऱ्याशेजारी नाव असे, म्हणून कोण कोणता सम्राट हे ओळखता येई. १३५४ साली पेत्रार्क या कवीने मांतुआमध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सला रोमन सम्राटांची काही नाणी भेट दिली. या लोकांसारखा हो, एवढाच त्या भेटीचा अर्थ. सुएटोनियसने लिहिलेली बारा सीझरांची चरित्रे विद्वान वाचत होतेच. आता त्या बारांचे चेहरे श्रीमंतांच्या दालनांत उठावशिल्पांच्या रूपाने लागू लागले.

१४५३ साली फ्लॉरेन्समध्ये मिनो दा फिएसोलेने पिएरो दे मेदिचीचा संगमरवरी अर्धपुतळा केला. तारीख असलेला हा त्या काळातला पहिला संगमरवरी अर्धपुतळा मानतात. पिएरो राजा नव्हता. मेदिची हे सावकार, फ्लॉरेन्स हे नावाला प्रजासत्ताक. सावकाराला सम्राटासारखे दगडात बसायचे होते, पण तसे उघड म्हणता येत नव्हते. म्हणून पिएरोच्या अंगावर त्याच्या काळचाच भरजरी पोशाख आहे. रोमन आहे ती मानेची ठेवण आणि संगमरवर. त्याचा भाऊ जिओव्हान्नी याचाही अर्धपुतळा मिनोने केला. त्याच्या अंगावर मात्र थेट रोमन चिलखत आहे. दोन भाऊ, एकच शिल्पकार. एकाने सांगितले मी फ्लॉरेन्सचा, दुसऱ्याने सांगितले मी रोमचा.

इथे एक बारकावा सांगतो, कारण तो मला फार आवडतो. रोमन अर्धपुतळा खाली गोलाकार निमुळता होतो आणि छोट्या बैठकीवर उभा राहतो. फ्लॉरेन्सचा पंधराव्या शतकातला अर्धपुतळा मात्र दंडांच्या मध्यावर, छातीच्या खाली सरळ आडवा कापलेला असतो, जणू माणूस खिडकीत उभा आहे. ही रीत रोमनांची नाही. ख्रिस्ती संतांच्या अस्थी ठेवायला मध्ययुगात जे छातीपर्यंतचे पेटीवजा पुतळे करत, त्यांची ती घडण. म्हणजे सम्राटाचा आत्मा आणि संताची कुडी असे ते मिश्रण होते. परक्याकडून घेतलेली गोष्ट आपल्या घरात बसवताना आपण तिचा आकार नकळत बदलतो. पुढे मराठी हातांनीही असेच केले, ते येईलच.

१४५६ साली अंतोनियो रोसेल्लिनोने जिओव्हान्नी केल्लिनी या म्हाताऱ्या वैद्याचा अर्धपुतळा केला. तो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हा केल्लिनी शिल्पकार दोनातेल्लोचाही वैद्य. त्याच्या चेहऱ्यावर जिवंतपणी साचा घेतल्याच्या खुणा जाणकारांना दिसतात. गळ्याखालची लोंबती कातडी, कपाळावरच्या शिरा, मिटलेल्या ओठांतला समंजसपणा. प्रजासत्ताकातल्या म्हाताऱ्या रोमनाला शोभेल असा हा माणूस आहे. या पुतळ्याच्या तळाशी, आतल्या पोकळीत, वैद्याचे नाव, साल आणि शिल्पकाराचे नाव कोरलेले आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आणि मायकेलअँजेलोचा ब्रूटस. यासाठी मी तुमचा थोडा जास्त वेळ मागतो. १५३७ च्या जानेवारीत फ्लॉरेन्सचा ड्यूक अलेस्सान्द्रो दे मेदिची याचा त्याच्याच नात्यातल्या लोरेन्झिनोने खून केला. हद्दपार झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांना तो नवा ब्रूटस वाटला, सीझरला मारणारा. त्यांच्यातल्या दोनातो जियानोत्तीच्या सांगण्यावरून मायकेलअँजेलोने कार्डिनल रिदोल्फीसाठी ब्रूटसचा अर्धपुतळा करायला घेतला. साधारण १५३९-४० चे हे काम. मायकेलअँजेलोने आयुष्यात केलेला हा एकमेव अर्धपुतळा. आता बघा, जुलमी राजाला मारणाऱ्या माणसाचा चेहरा कुठून घ्यायचा? मायकेलअँजेलोपुढे नमुना होता तो कॅराकॅला या सम्राटाच्या पुतळ्यांचा, खांद्याकडे झटक्याने वळलेली मान, आखडलेल्या भुवया. कॅराकॅला म्हणजे रोमच्या सर्वांत क्रूर सम्राटांपैकी एक. त्या मानेचा झटका मायकेलअँजेलोने घेतला आणि त्यातला क्रूरपणा काढून संताप ठेवला. केसांवर आणि गालावर दातेरी छिन्नीचे ओरखडे अजून तसेच आहेत. पुतळा अपुराच राहिला, वस्त्राच्या चुण्या शिष्य तिबेरिओ काल्काग्नीने पुऱ्या केल्या. मला तो ओरखड्यांतच पुरा वाटतो. पुढे तो पुतळा मेदिचींच्याच ताब्यात गेला. त्यांनी त्याच्या बैठकीवर लॅटिन ओळी घातल्या, की कोरता कोरता ब्रूटसचा अपराध आठवला म्हणून शिल्पकार थांबला. दगड तोच, अर्थ उलटा. आज तो फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहे आणि त्याच छताखाली ब्रूटसच्या शत्रूचाही पुतळा आहे: अलेस्सान्द्रोनंतर गादीवर आलेला कोसिमो, रोमन चिलखतात. १५४४ मध्ये बांदिनेल्लीने तो केला. सावकारांचे घराणे पाऊण-एक शतकात उघडपणे सीझर झाले होते.

या सर्व शिल्पकारांची एक चूक झाली आणि ती फार फळली. जमिनीतून निघालेले रोमन पुतळे पांढरे होते, म्हणून त्यांना वाटले की संगमरवर पांढराच ठेवायचा असतो. वास्तविक रोमन पुतळे रंगवलेले असत. ओठांना लाली, बुबुळांना रंग, वस्त्राला काठ. मातीने रंग खाल्ला होता. पुढच्या चारशे वर्षांचे युरोपचे सारे शुभ्र गांभीर्य या गैरसमजावर उभे आहे. आपल्याकडे संगमरवरी मूर्तीला डोळे रंगवतात, वस्त्रे नेसवतात, दागिने घालतात. कलाशाळेत शिकलेले आम्ही लोक त्याला अडाणीपणा समजत होतो. मी आज सांगतो, ऑगस्टसच्या काळचा रोमन माणूस शिवपुरीला शिंद्यांच्या छत्रीत आला, तर त्याला फ्लॉरेन्सपेक्षा तिथे अधिक घरच्यासारखे वाटेल. १९२५ साली पॅरिसमध्ये वारलेले माधवराव शिंदे तिथे संगमरवरी छत्रीत बसले आहेत, समोर आई सख्याराजे यांची छत्री आहे, आणि पुतळ्यांची रोजची सेवा होते, कपडे बदलले जातात, संध्याकाळी गाणे होते. मेणाच्या मुखवट्यांना पोशाख चढवणारी रोमन घराणी यापेक्षा वेगळे काय करत होती?

आता मुंबई. इंग्रजांनी आपले अधिकारी दगडात आणले तेव्हा रोमचा पोशाखही बरोबर आणला. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस रोमन सेनापतीच्या वेशात उभा आहे. १८७२ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया राणीचा भव्य संगमरवरी पुतळा बसला, मॅथ्यू नोबलने केलेला. पैसे दिले बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी त्या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. रोममध्ये नीरोच्या चेहऱ्याचे जे झाले त्याच जातीचे हे कृत्य. संगमरवरी चेहरा म्हणजे सत्ता, हे पुण्याच्या त्या तरुणाला कुणी शिकवावे लागले नव्हते.

त्याच १८९६ साली, त्याच मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या गणपतराव म्हात्रे या विद्यार्थ्याने प्लास्टरची एक स्त्री घडवली. नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली. ‘मंदिरपथगामिनी’. जे. जे.मध्ये विद्यार्थी वर्षानुवर्षे ग्रीक-रोमन डोक्यांच्या प्लास्टर प्रतींवरून हात बसवत. गुरुजींच्या कपाटावरचा ऑगस्टस त्याच परंपरेतला. म्हात्र्यांनी त्या प्रतींकडून शरीराचा तोल घेतला, वस्त्राखालून अंग कसे बोलते ते घेतले, आणि उभी केली आपल्या गल्लीतली बाई. रवींद्रनाथ ठाकुरांनी या शिल्पावर लिहिले. मराठी माणसाला आपला चेहरा दगडात दिसू शकतो याची खात्री इथे पटली. त्यानंतर म्हात्र्यांकडे देशभरच्या संस्थानांतून कामे आली.

मातीपासून दगडापर्यंतचा हा प्रवास कसा होतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुतळ्यासमोर उभे राहिल्यावर ते ठाऊक असले की डोळा वेगळा पाहतो. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती. ती ओल्या फडक्याने झाकून दिवसचे दिवस ओली ठेवायची. चेहरा मनासारखा झाला की त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून प्लास्टरची प्रत. मग त्या प्रतीवर ठिकठिकाणी बिंदू नोंदायचे आणि सळईच्या यंत्राने तीच खोली दगडात मोजत छिद्रे पाडायची. छिद्रांच्या तळापर्यंत दगड उतरवला की चेहऱ्याचा कच्चा आकार निघतो. इथवर कारागिरांचे काम. शेवटचा दाण्याएवढा थर शिल्पकाराचा. पापणीची कड, नाकपुडीची सावली, ओठांचा कोपरा. डोळ्याचे बुबुळ कोरायचे की डोळा कोरा ठेवायचा, हेही तिथेच ठरते. सम्राट हेड्रियनच्या काळापासून रोमन शिल्पकार बुबुळ खोदू लागले, त्या इवल्याशा खड्ड्यात सावली साठते आणि नजर तयार होते.

मराठी शिल्पकारापुढे मात्र एक अडचण होती, जी मिनोपुढे नव्हती. पगडी. रोमन पुतळा उघड्या डोक्याचा. केसांची ठेवण त्याची ओळख. आपल्याकडे उघडे डोके म्हणजे सुतक नाहीतर अपमान. आणि पगडीवरून माणूस कुठला ते कळते. शिंदेशाही वेगळी, होळकरशाही वेगळी, पुणेरी वेगळी. संगमरवरात पगडी म्हणजे कपाळावर दगडाचा भार, त्याखाली डोळ्यांवर दाट सावली. चेहरा हरवतो. चांगला शिल्पकार मग मान किंचित उचलतो, भुवईचे हाड थोडे पुढे घेतो आणि पगडीचे पेच उथळ ठेवतो. कोणत्याही इटालियन पुस्तकात हे सापडायचे नाही. खिडकीत उभ्या राहिलेल्या फ्लॉरेन्सच्या माणसासारखाच हा आपला बदल.

या कामातले आपले सर्वांत जवळचे नाव म्हणजे रघुनाथ कृष्ण फडके. जन्म १८८४, वसईचा. गिरगाव चौपाटीवर जिथे लोकमान्यांना अग्नी दिला तिथे १९३३ मध्ये बसलेला टिळकांचा पुतळा त्यांचा. तिथे पगडी आहे, उपरणे आहे, आणि राजा नसलेल्या माणसाला राजाहून मोठी जागा आहे. फडके धार संस्थानात आले आणि धारचेच झाले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये धारलाच ते वारले. इंदूरहून धार किती लांब आहे? सकाळी निघून दुपारी जेवायला परत येता येते. फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लोबद्दल मी बोललो तेव्हा तुम्ही माना डोलावल्या, मलाही आनंद झाला. पण या सभागृहातल्या किती जणांनी फडक्यांचा धारचा स्टुडिओ पाहिला आहे, हे मी आज हात वर करून विचारत नाही. प्लास्टर ठिसूळ असते. ओल लागली की ते भुगा होते, आणि मूळ प्लास्टर गेले की शिल्पकाराच्या बोटांचा ठसा गेला.

आता इंदूर. खान नदीच्या काठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आहेत. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव. ज्यांचा चेहरा पहिल्यांदा रुपयावर आला तेच हे शिवाजीराव. छत्री ही आपली मूळ रीत. दहनाच्या किंवा स्मरणाच्या जागी घुमट, आत मूर्ती, दिवा. त्यात युरोपातून आलेली हुबेहूब चेहऱ्याची हौस मिसळली. लालबागेच्या महालात इटालियन संगमरवराचे खांब आहेत आणि आवारात व्हिक्टोरिया राणीही आहे. एवढ्यावर इंदूरची गोष्ट थांबली असती तर ती इतर संस्थानांसारखीच झाली असती.

पण दुसरे यशवंतराव होळकर गादीवर आले. माणिकबाग महाल त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतला. बर्नार्ड बुते द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने त्यांची चित्रे केली, एक पाश्चात्य पोशाखातले, एक मराठी दरबारी वेशातले. पितळेचा कागद वाटावा अशी ती सडपातळ आकृती पुष्कळांनी छायाचित्रांत पाहिली असेल. असा देखणा राजा, हाती पैसा, पॅरिसच्या शिल्पकारांशी ओळख. त्याने संगमरवरात काय मागितले? स्वतःचा चेहरा नाही. शिल्पकार ब्रांकुशीकडून त्याने ‘अवकाशातला पक्षी’ घेतला. एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या, एक ब्राँझचा. चोच नाही, पंख नाहीत, नुसते वर जाणे. त्या पक्ष्यांसाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचे ठरले आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी स्वतः इथे आला. मंदिर झाले नाही. पांढरा आणि काळा पक्षी १९७३ पासून ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. सीझरांपासून चालत आलेला राजांचा संगमरवराशी असलेला करार इंदूरच्या एका तरुण राजाने मोडला, ही घटना जगाच्या कलेतिहासात मोलाची आहे असे माझे ठाम मत आहे. आपल्या शहरात मात्र तिची खूण शोधावी लागते.

आणखी एक गोष्ट मराठी मुलखातली. इटलीहून आलेल्या संगमरवरातून बाळाजी वसंतराव तालीम यांनी साईबाबांची मूर्ती केली, १९५४ मध्ये ती शिर्डीला बसली. पायावर पाय टाकून बसलेला फकीर. रोमनांच्या देशातला दगड, मुंबईत शिकलेला हात, आणि पहाटे काकडआरतीला अभिषेक, मग कफनी, मग मुकुट. मराठी माणसाने सर्वांत जास्त डोळे भरून पाहिलेले संगमरवरी व्यक्तिशिल्प कोणते असे मला कुणी विचारले तर मी याच मूर्तीचे नाव सांगेन. ते कुण्या राजाचे नाही.

शेवटी अहिल्याबाई. माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने माळव्याच्या आठवणी १८२३ मध्ये छापल्या, त्यात एक हकिकत आहे. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला, मी इतक्या स्तुतीला पात्र नाही म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला लावला. हुकूम निघत ते शंकराच्या नावाने, नाण्यावर बेलपान. आज राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे, गावोगावी आहेत, आणि ते असावेत असेच मला वाटते. लोकांना आपल्या आईचा चेहरा पाहायचा असतो. पांढरे लुगडे, तळहातावर शिवलिंग, एवढ्यावर आपण त्यांना ओळखतो. नाण्यावरचे शिवलिंगच त्या हातावर येऊन बसले आहे. शिल्पकारांनी इथे फार शहाणपणाने काम केले आहे.

पण त्या शिल्पकारांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पुतळ्याखालच्या चबुतऱ्यावर अनावरण करणाऱ्याचे नाव असते, अध्यक्षांचे असते, तारीख असते. ज्याच्या बोटांनी चेहरा आला त्याचे नाव बहुधा नसते. साडेपाचशे वर्षांपूर्वी रोसेल्लिनोने म्हाताऱ्या वैद्याच्या पुतळ्याच्या पोटात आपले नाव कोरले, म्हणून आज आपण ते या सभागृहात उच्चारू शकतो.

माझी या सभेला विनंती आहे. इंदूर, देवास, धार, महेश्वर या चार गावांतल्या प्रत्येक पुतळ्याची आणि छत्रीतल्या मूर्तीची एक वही करू या. कुणाचा, दगड कोणता, कधीचा, कुणी केला, आज कोणत्या अवस्थेत आहे. जुन्या कारागिरांच्या घरी पावत्या असतील, संस्थानी दप्तरांत बिले असतील, आजी-आजोबांच्या तोंडी नावे असतील. शाळेतली मुले हे काम उन्हाळ्याच्या सुटीत करू शकतील. पहिली नोंद मी आज आणली आहे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांची. तिच्यात शिल्पकाराच्या नावाचा रकाना रिकामा आहे. वही दारापाशी टेबलावर ठेवली आहे.